‘आफ्रिकनांनीच आपली माणसं विकली’: हे विधान तपासायचं कसं?

अटलांटिक गुलामव्यापाराचा विषय निघाला की एक वाक्य हमखास येतं: “माणसं पकडून विकणारे आफ्रिकेतलेच होते, मग दोष एकट्या युरोपला का?” समोरचा तितक्याच जोरात म्हणतो, “हा गोऱ्यांनी आपलं पाप झाकायला रचलेला बनाव आहे.” यात खरं काय, आणि शिकवताना किंवा वाद घालताना ते मांडायचं कसं, असा प्रश्न आहे.

आधी सरळ उत्तर. आफ्रिकेतले राजे, सरदार, दलाल यांचा या व्यापारात सहभाग होता. तो किरकोळ नव्हता, आणि बहुतेक ठिकाणी बंदुकीच्या धाकाने करवून घेतलेलाही नव्हता. जो हे नाकारतो, त्याचं पुढचं बोलणं कोणी ऐकत नाही. पण ‘आफ्रिकनांनी आपली माणसं विकली’ हे वाक्य तरीही चूक आहे, कारण त्यातला ‘आफ्रिकनांनी’ हा शब्द आणि ‘आपली’ हा शब्द, दोन्ही त्या काळाला लागू पडत नाहीत. त्यावरून ‘म्हणून युरोपची जबाबदारी तेवढी कमी’ असा निष्कर्ष काढला जातो, तो तर मुळीच निघत नाही. या तीन गोष्टी एकात एक मिसळल्या की वाद कधीच संपत नाही. म्हणून त्या सुट्या करून पाहू.

प्रथम आकडे, कारण त्यांच्याशिवाय कोण किती गुंतलं होतं हे कळत नाही. सुमारे ३६,००० सफरींच्या नोंदी संशोधकांनी जहाजांच्या कागदपत्रांवरून एकत्र केल्या आहेत. त्यांवरून काढलेला अंदाज असा: १६व्या शतकाच्या सुरुवातीपासून १८६६ पर्यंत सुमारे १ कोटी २५ लाख माणसं आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जहाजात चढवली गेली आणि सुमारे १ कोटी ७ लाख पलीकडे जिवंत उतरली. मधले १८ लाख समुद्रात गेले. वाहतूक करणाऱ्यांत पोर्तुगाल आणि ब्राझील मिळून सुमारे ५८ लाख, ब्रिटन सुमारे ३२ लाख, फ्रान्स १४ लाखांच्या आसपास. उतरलेल्यांपैकी ४८ लाखांहून अधिक एकट्या ब्राझीलमध्ये गेले. आज ज्याला अमेरिका म्हणतो त्या भूभागावर थेट आफ्रिकेतून आलेले चार लाखांच्या आतच होते. इंग्रजीतली सगळी चर्चा अमेरिकेभोवती फिरत असल्याने हे प्रमाण वाचकाच्या लक्षातच येत नाही.

माणसं कुठून गेली, हा आकडा आपल्या प्रश्नाला अधिक महत्त्वाचा आहे. जवळजवळ निम्मी, म्हणजे ५५ लाखांहून अधिक, लोआंगोपासून अंगोलापर्यंतच्या पश्चिम-मध्य किनाऱ्यावरून गेली. बेनिनच्या आखातातून (आजचा बेनिन देश आणि आसपासचा किनारा) सुमारे २० लाख, बियाफ्राच्या आखातातून (आजच्या पूर्व नायजेरियाजवळचा किनारा) सुमारे १६ लाख, आजच्या घानाच्या किनाऱ्यावरून सुमारे १२ लाख. या प्रत्येक ठिकाणी व्यवहाराची पद्धत वेगळी होती, आणि सहभागाचा अर्थही वेगळा. शिवाय हे सगळे आकडे जहाजात चढलेल्यांचे आहेत. पकडताना, किनाऱ्यापर्यंतच्या वाटेवर आणि किनाऱ्यावरच्या कोठड्यांत जे मेले, ते यात नाहीत.

आता व्यवहार प्रत्यक्षात कसा चाले ते पाहू. पोर्तुगिजांनी सुरुवात छाप्यांनीच केली. १४४१ मध्ये अंतांव गोन्साल्व्हिश याने सहाराच्या किनाऱ्यावरून माणसं उचलली. १४४४ मध्ये पोर्तुगालच्या लागुश बंदरात २३५ कैद्यांची उघड वाटणी झाली. पण सेनेगलच्या दक्षिणेला हा प्रकार चालेना. १४४६ मध्ये नुनु त्रिस्तांव छापा घालायला गेला आणि स्थानिकांच्या विषारी बाणांनी बहुतेक साथीदारांसह मारला गेला. दहा वर्षांत पोर्तुगालच्या दरबाराने धोरण बदललं आणि दिओगू गोमिश याला तहाच्या बोलणीसाठी पाठवलं. पुढची जवळजवळ चारशे वर्षं बहुतांश किनाऱ्यावर हाच शिरस्ता राहिला: छापा नाही, सौदा. कारण उघड होतं. मलेरिया आणि पीतज्वर यांनी गोऱ्यांचा फडशा पडत होता, उथळ पाण्यात स्थानिकांच्या वेगवान होड्यांपुढे मोठी जहाजं पांगळी ठरत, आणि आतल्या मुलखात तयार फौजा होत्या. एल्मिनाचा किल्ला १४८२ चा. तो बघून वाटतं की हा युरोपच्या सत्तेचा पुरावा आहे. प्रत्यक्षात किनाऱ्यावरच्या अशा किल्ल्यांसाठी स्थानिक सत्तांना नियमित जमीनभाडं द्यावं लागे. तोफांची तोंडंही मुख्यतः समुद्राकडे असत, कारण भीती दुसऱ्या युरोपीय कंपनीची होती. आपल्याकडच्या सुरतेच्या वखारी डोळ्यांसमोर आणा, म्हणजे नातं नीट समजेल.

उइदा बंदराचं उदाहरण सगळ्यात तपशिलात माहीत आहे. आजच्या बेनिन देशातलं हे बंदर आतल्या मुलखातल्या डाहोमे राज्याच्या अगाजा राजाने १७२७ मध्ये जिंकलं. तिथे फ्रेंच, इंग्रज आणि पोर्तुगीज अशा तीन वखारी होत्या, पण त्या किनाऱ्यावर नव्हे तर काही किलोमीटर आत, गावात. त्यामुळे जहाजावरून तोफा डागून त्यांचं रक्षण करता येत नसे. राजाचा एक अधिकारी केवळ गोऱ्यांचा कारभार पाहायला नेमलेला असे. त्याचा हुद्दाच ‘योवोगान’, म्हणजे गोऱ्यांचा नायक. कप्तानाने आधी राजाची जकात भरायची, मग राजाचे कैदी ठरलेल्या भावाने घ्यायचे, आणि त्यानंतरच बाकी व्यापाऱ्यांशी बोलायचं. हिशेब कवड्यांत होई: ४० कवड्यांची एक माळ, पाच माळांची २०० कवड्यांची ‘गालिन्या’, आणि २० गालिन्यांची ४,००० ची ‘काबेस’. हमाल, होडीवाले, पाणके, दुभाषे या सगळ्यांची मजुरी ठरलेली होती. माणसांचा बाजार इतक्या काटेकोर हिशेबाने चालत होता, हे वाचताना अंगावर काटा येतो. पण ‘भाबड्या आफ्रिकनांना काचेचे मणी देऊन फसवलं’ ही समजूत इथे टिकत नाही. भाव कोण ठरवत होतं हे कागदांवरून स्पष्ट आहे, आणि बऱ्याच वेळा ते जहाजाचा कप्तान ठरवत नव्हता.

मोबदल्यात काय येई? बंदुका आणि दारू डोळ्यांत भरतात, पण किमतीच्या हिशेबात निम्म्याच्या आसपास वाटा कापडाचा होता. त्यातलं पुष्कळसं कापड भारतातलं: खंबायत, भडोच, सुरत, कोरोमंडलचा किनारा. ‘गिनी कापड’ या नावाची निळी थानं पुदुच्चेरीहून फ्रान्समार्गे सेनेगलला जात. त्या कवड्या मालदीवच्या. जहाजाची नीरम, म्हणजे तोल राखण्यासाठी तळाशी भरायचं वजन, म्हणून त्या अॅमस्टरडॅम आणि लंडनला पोहोचत, आणि तिथून पश्चिम आफ्रिकेला. त्या विणकरांना आपलं कापड कुठे खपतं आणि कशाच्या बदल्यात, हे ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. तरी ‘सहभाग’ हा शब्द किती लांब ताणता येतो, ते यातून दिसतं.

बियाफ्राच्या आखातात चित्र निराळं. तिथे डाहोमेसारखी एकछत्री राजवट नव्हती, व्यापारी घराणी होती. ओल्ड कॅलबारमध्ये कप्तान माल उधारीवर देत, आणि व्यापारी आपल्या नात्यातली माणसं तारण म्हणून जहाजावर ठेवत. ठरलेले कैदी वेळेत आले नाहीत, तर तारणातली माणसंच विकली जाण्याचा धोका असे. उधारी वसूल करून देण्याचं काम ‘एक्पे’ नावाची पुरुषांची मंडळी करत. तिचा बहिष्कार पडला की घराण्याचा व्यापार बंद. इथल्या अंतेरा ड्यूक या एफिक जमातीच्या व्यापाऱ्याने १७८५ ते १७८८ या वर्षांत मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलेली रोजनिशी शिल्लक आहे. विकणाऱ्याच्या बाजूचा असा अस्सल कागद फार दुर्मीळ. याच गावात १७६७ मध्ये इंग्रज कप्तानांनी दोन तटांच्या भांडणात मध्यस्थी करण्याच्या मिषाने एका तटाच्या लोकांना जहाजांवर बोलावलं, आणि दुसऱ्या तटाशी संगनमत करून त्यांची कत्तल केली. वाचलेल्यांपैकी राज्यकर्त्या घराण्यातल्या दोन तरुणांना कॅरिबियन बेटांवर विकलं. गुलामव्यापारी घराण्यातली ही दोन माणसं स्वतः गुलाम होऊन डोमिनिका, व्हर्जिनिया, ब्रिस्टल अशी फिरली, इंग्लंडच्या न्यायालयात दाद मागून सुटली आणि १७७४ मध्ये घरी परतली. विकणारा कोण आणि विकला जाणारा कोण, यांतली रेघ इतकी पातळ होती.

आणि अंगोला? तिथे ‘युरोपीय फक्त विकत घेत होते’ हे म्हणणं चालतच नाही. लुआंडा १५७६ मध्ये वसवून पोर्तुगिजांनी स्वतः मोहिमा काढल्या. १६१७ नंतरच्या तीन-चार वर्षांत गव्हर्नर मेंदिश दि व्हाश्कोन्सेलुश याने इम्बांगाला टोळ्यांना हाताशी धरून न्दोंगो राज्य उद्ध्वस्त केलं आणि हजारो माणसं पकडली. १६१९ मध्ये व्हर्जिनियात उतरलेले ते प्रसिद्ध ‘वीस आणि काही’ आफ्रिकी लुआंडाहून निघालेल्या जहाजातून लुटून आणलेले होते, बहुधा याच मोहिमांतले कैदी. अमेरिकेतल्या गुलामगिरीची सुरुवात ज्या घटनेपासून मोजली जाते, तीच घटना युरोपीय लष्करी मोहिमेतून आलेली आहे. ‘आफ्रिकनांनी विकलं’ म्हणणाऱ्याला हे आवर्जून सांगावं. त्याच वेळी ‘सगळं युरोपने केलं’ म्हणणाऱ्याला इम्बांगालांची आठवण द्यावी.

माणूस गुलाम होई कसा, याचा एक छोटा पण मोलाचा पुरावा आहे. १८५० च्या सुमारास सिएरा लिओनमध्ये सिगिस्मुंड कोएल्ले या जर्मन मिशनऱ्याने गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेल्या शंभराहून अधिक माणसांकडून त्यांच्या भाषा लिहून घेतल्या, आणि जाता जाता प्रत्येकाची हकिगतही टिपली. त्यांतले साधारण एक तृतीयांश युद्धात पकडलेले, त्याहून थोडे कमी पळवून नेलेले, सुमारे दहावा हिस्सा न्यायनिवाड्यात शिक्षा म्हणून विकलेले. बाकीच्यांत कर्जापायी किंवा नातलगांनी विकलेले. नमुना लहान आहे, बहुतेक पुरुषांचा आहे आणि व्यापाराच्या अखेरच्या काळातला आहे, म्हणून तो तीनशे वर्षांवर पसरवू नये. पण ‘आईबापांनी विकली’ हे चित्र किती अपवादाचं होतं, ते त्यातून कळतं. न्यायनिवाड्याचा मार्ग मात्र मराठी वाचकाला अनोळखी वाटायला नको. पेशवाईत बदकर्माचा आरोप ठेवून बायकांना बटीक करत, सरकारात कुणबिणी म्हणून राबवत आणि विकतही असत. समाजाने ज्याला टाकलं त्याला माल करायचं, हे दोन्हीकडे सारखंच. फरक असा की पश्चिम आफ्रिकेत दाराशी जहाज उभं होतं. बाहेरची मागणी वाढली तसे गुन्हेही वाढले: पूर्वी ज्याला दंड पुरे, त्याला आता विक्रीची शिक्षा होऊ लागली. पूर्व नायजेरियात आरो व्यापाऱ्यांच्या ताब्यातलं अरोचुक्वूचं देवस्थान वादांचा कौल देई, आणि दोषी ठरलेला माणूस ‘देवाने खाल्ला’ असं सांगून किनाऱ्याकडे रवाना होई.

आता ‘आपली’ या शब्दाकडे. १७४२ पासून दहा वर्षं मराठ्यांच्या फौजांनी बंगालवर स्वाऱ्या केल्या. बंगाली आया मुलांना आजही बर्गींची भीती घालतात. त्याला ‘भारतीयांनी आपल्याच लोकांना लुटलं’ असं कोणी म्हणत नाही, कारण नागपूरच्या स्वाराला बर्धमानचा शेतकरी ‘आपला’ वाटत नव्हता. म्हणून बंगालचं दुःख खोटं ठरत नाही, आणि लुटणाऱ्यांची जबाबदारीही कमी होत नाही. डाहोमेच्या सैनिकाचं आणि त्याने पकडलेल्या योरूबा गावकऱ्याचं नातं याच जातीचं होतं: भाषा वेगळी, राजा वेगळा, देव वेगळे. स्वतःच्या प्रजेला विकण्यावर बहुतेक राज्यांत बंधनं होती. ती मोडली गेली की मोठा गहजब होई, यावरूनच ‘आपलं’ कुठपर्यंत होतं ते कळतं. आणखी एक गोष्ट मनाला फार लागते. ‘आम्ही आफ्रिकन’ ही ओळख ठामपणे प्रथम ज्यांनी सांगितली, ते बहुतेक विकले गेलेलेच होते. १७८० च्या दशकात लंडनमध्ये ओलाउदा इक्विआनो आणि त्यांचे साथीदार स्वतःला ‘आफ्रिकेचे पुत्र’ म्हणवून घेऊ लागले. म्हणजे ज्या ओळखीशी गद्दारी झाली असं आज आपण म्हणतो, ती ओळख घडली तीच त्या जहाजांमुळे.

विरोध करणारेही होते, आणि वादात ते नेहमी सुटून जातात. काँगोचा राजा अफोन्सू याने १५२६ मध्ये पोर्तुगालच्या राजाला पत्रं लिहून तक्रार केली की व्यापारी आपल्या सरदारांची मुलं आणि नातलगसुद्धा पळवत आहेत. त्याने प्रत्येक कैदी खरोखर युद्धकैदी आहे का हे तपासायला तीन अधिकारी नेमले. तो व्यापाराच्या सरसकट विरोधात नव्हता. युद्धकैदी विकायला त्याची हरकत नव्हती. त्याला महात्मा करू नये, पण त्याचं पत्र दडवूही नये. बेनिन राज्याने (हे आजच्या नायजेरियातलं, आजचा बेनिन देश नव्हे) १६व्या शतकात पुरुष कैद्यांची निर्यात बंद केली आणि ती बंदी दीडशे वर्षांहून अधिक टिकली. मिरी, कापड, हस्तिदंत विकून त्याचं भागत होतं. सेनेगल नदीकाठच्या फुता तोरोत १७७६ च्या क्रांतीनंतर इमाम अब्दुल कादर यांनी फ्रेंचांशी करार करून आपल्या लोकांना गुलाम करण्यावर बंदी घातली, आणि आपल्या हद्दीतून जाणारे तांडे अडवले. अंगोलातल्या राजघराण्यातले लोरेन्सू दा सिल्वा मेंदोन्सा १६८४ मध्ये थेट रोमला पोपच्या दरबारात गाऱ्हाणं घेऊन गेले. आणि साधी माणसं? आजच्या बेनिन देशातल्या नोकुए तळ्यावर गान्व्हिए नावाचं अख्खं गाव पाण्यात खांबांवर उभं आहे. डाहोमेच्या छाप्यांपासून वाचण्यासाठी लोक तिथे गेले अशी त्या गावाची परंपरा सांगते.

मग विकणाऱ्या राज्यांना मिळालं काय? थोड्या काळासाठी सत्ता. १८व्या शतकाच्या उत्तरार्धात दर वर्षी लाखाच्या वर बंदुका पश्चिम आफ्रिकेत येत होत्या, त्यांतल्या पुष्कळ बर्मिंगहॅमच्या. शेजाऱ्याकडे बंदुका आल्या की आपल्याकडे हव्यातच, बंदुकांसाठी कैदी हवेत आणि कैद्यांसाठी युद्ध. हे चक्र सगळीकडे सारखं फिरलं का, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. घोडदळावर उभ्या असलेल्या, योरूबांच्या ओयो साम्राज्याला ते नीट बसत नाही, आणि पुष्कळ युद्धांची कारणं राजकीय होती. इतिहासकार वॉल्टर रॉडनी यांनी १९७० च्या दशकात या व्यापाराने आफ्रिकेची वाढ खुंटवली असं मांडलं. दुसरे इतिहासकार जॉन थॉर्नटन यांनी नंतर दाखवलं की आफ्रिकी सत्ताधारी स्वतःच्या इच्छेने, बरोबरीच्या नात्याने सौदा करत होते. माझ्या मते दोघांचं म्हणणं एकमेकांना खोडत नाही. सौदा करणारा राजा मोकळा होता. ज्या मुलखातून पिढ्यान्‌पिढ्या तरुण उपसले गेले, तो मुलूख मोकळा नव्हता. २०११ मध्ये नेथन नन आणि लिओनार्ड वांचेकॉन या अर्थतज्ज्ञांनी दाखवलं की ज्या समाजांतून जास्त माणसं नेली गेली, तिथे आजही शेजाऱ्यापाजाऱ्यांवरचा आणि आप्तांवरचा विश्वास कमी आढळतो.

इथे आणखी एक पळवाट बंद करावी लागते. ‘आफ्रिकेतली गुलामगिरी सौम्य होती, घरच्यासारखी’ असं अनेक जण सांगतात. काही समाजांत गुलामाची नातवंडं कुळात मिसळून जात, हे खरं. अमेरिकेतल्यासारखी कातडीच्या रंगावर ठरणारी, आईकडून मुलाकडे कायद्याने कायम उतरणारी गुलामगिरी तिथे नव्हती, हेही खरं. पण डाहोमेत वार्षिक विधीत कैद्यांचे बळी जात. आजच्या उत्तर नायजेरियातल्या सोकोतो खिलाफतीत १९व्या शतकात लाखो गुलाम शेतांवर राबत होते. झांझिबारचे लवंगांचे मळे गुलामांच्याच कष्टांवर उभे राहिले. झांझिबारच्या त्या व्यापारात आपल्या किनाऱ्याचाही हात होता. तिथल्या सुलतानाच्या जकातीचा मक्ता बरीच वर्षं कच्छच्या जयराम शिवजी पेढीकडे होता, आणि जकात गुलामांवरही वसूल होई. १८७३ मध्ये तिथला बाजार बंद करणारा तह घडवायला गेलेले बार्टल फ्रेअर हे मुंबईचे माजी गव्हर्नर. सोडवलेली काही आफ्रिकी मुलं नाशिकच्या शरणपूरमध्ये शिकली. आफ्रिकेत फिरलेले प्रवासी मिशनरी डेव्हिड लिव्हिंगस्टन यांचं शव घेऊन १८७४ मध्ये इंग्लंडला गेलेले जेकब वेनराइट त्यांपैकीच एक. मलिक अंबर आणि जंजिऱ्याचे सिद्दी आपल्याला पराक्रमामुळे आठवतात. अंबर लहानपणी विकला गेलेला मुलगा होता, हे आपण पटकन विसरतो.

‘आफ्रिकनच विकत होते’ हा युक्तिवाद आला कुठून, हे माहीत असलं की त्याचं वजन करता येतं. १७८८ नंतर ब्रिटिश संसदेत बंदीची चर्चा सुरू झाली, तेव्हा व्यापाराच्या बाजूच्या लोकांनी तो जोरात पुढे आणला. आर्चिबाल्ड डॅल्झेल हा स्वतः गुलामव्यापारी आणि उइदाच्या इंग्रज वखारीचा माजी प्रमुख. त्याने १७९३ मध्ये डाहोमेचा इतिहास छापला. त्याचं म्हणणं: हे राजे एरवी कैद्यांना मारतातच, आपण विकत घेऊन त्यांचे प्राण वाचवतो. म्हणून त्याच्या पुस्तकातली डाहोमेची वर्णनं वापरताना लेखकाचा पोटापाण्याचा धंदा काय होता, हे शेजारी लिहायलाच हवं. पुढच्या शतकात तोच युक्तिवाद उलटा वापरला गेला: आफ्रिकी राजे गुलाम विकतात, म्हणून त्यांचे देश ताब्यात घेतले पाहिजेत. १८५१ चा ब्रिटिशांचा लागोसवरचा हल्ला याच कारणाने झाला, आणि १८९० च्या ब्रसेल्स कराराने हे कारण साऱ्या वसाहतवाद्यांना उपलब्ध करून दिलं.

वाद घालताना माझी पद्धत साधी आहे. कोणतंही विधान आलं की चार गोष्टी विचारायच्या: कोणता किनारा, कोणतं दशक, पकडलं कोणी, आणि ही नोंद कोणी कशासाठी लिहिली. या चारांपैकी दोनांची उत्तरं नसतील, तर ते विधान बाजूला ठेवायचं. चित्रांकडे तर विशेष लक्ष द्यावं. साखळदंडात चालणाऱ्या कैद्यांची जी कोरीव चित्रं ‘अटलांटिक’ म्हणून फिरतात, त्यांतली पुष्कळशी १८६० ते १८९० मधल्या पूर्व आफ्रिकेची असतात. हात तोडलेल्या माणसांची छायाचित्रं बेल्जियमचा राजा लिओपोल्ड याच्या काँगोतल्या रबरवसुलीची, म्हणजे गुलामव्यापार संपल्यानंतरची. गुलामांना ताब्यात कसं ठेवावं हे मालकांना सांगणारं ‘विली लिंच याचं १७१२ चं भाषण’ हा तर सरळ बनावट मजकूर. त्यातली भाषाच विसाव्या शतकातली आहे. आणि चुका एकाच बाजूला होत नाहीत. सेनेगलच्या गोरे बेटावरून लक्षावधी माणसं गेली असं वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. जहाजांच्या नोंदींत हा आकडा काही दहा हजारांचाच येतो. बेटाचं स्मारक म्हणून मोल त्याने कमी होत नाही, पण फुगवलेला आकडा समोरच्याच्या हाती आयतं कोलीत देतो.

राहिला नुकसानभरपाईचा प्रश्न, जिथे हा सगळा वाद शेवटी येऊन पोहोचतो. २०१० मध्ये हार्वर्डचे हेन्री लुई गेट्स यांनी न्यूयॉर्क टाइम्समध्ये लिहिलं की आफ्रिकी सहभागामुळे भरपाईची मागणी गुंतागुंतीची होते, आणि त्यावर मोठं वादळ उठलं. माझं मत असं की सहभागाने नैतिक हिशेब गुंतागुंतीचा होतो, कायदेशीर हिशेब फारसा होत नाही. ज्या राज्यांनी कायदे करून हा व्यापार चालवला, कंपन्यांना सनदा दिल्या आणि त्यावर कर घेतला, त्यांतली ब्रिटन, फ्रान्स, पोर्तुगाल ही राज्यं आजही अखंड उभी आहेत. डाहोमेचं राज्य फ्रान्सनेच १८९४ मध्ये मोडून टाकलं. शिवाय भरपाई एकदा दिली गेलेलीही आहे, फक्त उलट्या दिशेने: गुलामगिरी बंद करणाऱ्या १८३३ च्या कायद्याने ब्रिटनने गुलामांच्या मालकांना २ कोटी पौंड दिले, आणि त्यासाठीच्या कर्जाचा शेवटचा हिस्सा २०१५ मध्ये फिटला. गुलामांच्या बंडातून स्वतंत्र झालेल्या हैतीकडून फ्रान्सने १८२५ मध्ये जुन्या मालकांच्या भरपाईसाठी १५ कोटी फ्रँक मागितले, ते पुढे ९ कोटींवर आले. गुलामांना मात्र कुठूनच काही मिळालं नाही. एका जबाबदाराचं नाव घेतल्याने दुसऱ्याचं नाव यादीतून गळत नाही.

आफ्रिकेतल्या आफ्रिकेत हा हिशेब पुष्कळ काळ चालू आहे, हेही सांगायला हवं. बाहेरच्यांना वाटतं तो विषय तिथे कोणी काढतच नाही. १९९८ मध्ये युगांडाचे अध्यक्ष मुसेवेनी म्हणाले की माफी मागायची तर आफ्रिकी सरदारांनी मागावी. १९९९ मध्ये बेनिनचे अध्यक्ष मॅथ्यू केरेकू यांनी अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या चर्चमध्ये गुडघे टेकून माफी मागितली. २००१ च्या वर्णभेदविरोधी डर्बन परिषदेच्या वेळी सेनेगलचे तेव्हाचे अध्यक्ष अब्दुलाये वाद यांनी, आपल्या पूर्वजांकडेही गुलाम होते, असं सांगत पैशांच्या भरपाईला विरोध केला. २०२४ मध्ये बेनिनने गुलाम म्हणून नेलेल्यांच्या वंशजांना नागरिकत्व देणारा कायदा केला. अर्जासोबत वंशाचा पुरावा जोडावा लागतो. त्याच देशातल्या उइदात फ्रान्सिस्कू फेलिक्स दि सोझा या ब्राझीलहून आलेल्या मोठ्या गुलामव्यापाऱ्याचं घराणं आजही प्रतिष्ठित आहे. त्याची ‘चाचा’ ही पदवी आजही घराण्यातला एक जण धारण करतो. तिथून जवळच, कैद्यांना ज्या वाटेने किनाऱ्यावर नेत त्या वाटेच्या टोकाला, १९९० च्या दशकात उभारलेली ‘परत न येण्याचं दार’ ही स्मारक-कमान आहे. आणि आपले पूर्वज विकणाऱ्यांत होते की विकत घेऊन घरी ठेवलेल्यांत, हे तिथल्या जुन्या घरांत चारचौघांत विचारायची अजून रीत नाही.